आडवा मेंढपाळ

ती खिडकी मी गरज म्हणून घेतली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गरज नसलेली वस्तू घेणारा मी माणूस नाही. घरावर दुसरा मजला चढवत होतो, जिन्याच्या खोलीला एक जुनी सागवानी चौकट हवी होती. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या विकणारा एक जण दुसरबीडच्या रस्त्यावर बसतो, म्हणून त्याच्याकडे गेलो. चौकट मिळाली नाही. मोडक्या खाटा आणि गंजलेल्या ग्रिलांच्या मागे ही खिडकी भिंतीला टेकवलेली होती. धूळ इतकी की काच आहे हेही कळत नव्हतं. जवळच्या बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन मी एक कोपरा पुसला. हिरवा निघाला. मग पुसतच गेलो. हिरव्याच्या वर पिवळं, पिवळ्यावर एक पाऊल, आणि हात पुरेना तेव्हा टाचा उंचावून पुसलं तर खांद्यावर मेंढरू घेतलेला एक दाढीवाला माणूस.

विकणाऱ्याने सांगितलं की घाटाखाली मिशनचं जुनं चर्च होतं, भिंतींना भेगा पडल्या होत्या. तिथल्या लोकांनीच ते उतरवून नवं बांधलं. नव्याला सरकत्या खिडक्या बसवल्या आणि जुनं सगळं त्याला दिलं. रीतसर दिलंय ना, हे मी दोनदा विचारलं. त्याने पावती दाखवली. मग मी टेप काढला. उंची सहा फूट दोन इंच, रुंदी दोन फूट चार इंच. लोखंडी चौकट, आत काचांचे तुकडे, दोन तुकड्यांमध्ये शिशाच्या पट्ट्या. मेंढपाळाच्या छातीवरून एक बारीक तडा गेलेला.

साखरखेर्ड्याला परत येताना ती माझ्याबरोबर छोट्या टेम्पोत होती. मी एका जिनिंगमध्ये काट्यावर काम करतो. कापसाची गाडी भरून येते आणि रिकामी होऊन जाते, दोन्ही वजनं माझ्या हातून होतात. वाटेत जिनिंगपाशी टेम्पो थांबवून मी खिडकी तिथल्या लहान काट्यावर ठेवली. एक्केचाळीस किलो. हे वजन मला कशाला हवं होतं, ते मलाही सांगता आलं नसतं.

मिस्त्रीने ती पाहिली आणि पानाची पिंक बाजूला टाकली.

"उघडत नाही, लागत नाही," तो म्हणाला. "हे खिडकी नाही भाऊ, फोटो हाये. फोटोसाठी भिंत फोडू काय?"

फोडली. जिन्याच्या पूर्वेच्या भिंतीत, मधल्या वळणावर, ती उभी केली. दुसऱ्या दिवशी ऊन आलं आणि मला त्या दिवसापासून घरात एका जागी बसणं जमेना.

रंग भिंतीवर येतो एवढंच मला वाटलं होतं. तो चालतो, हे मला ठाऊक नव्हतं. लाल डाग सकाळी कठड्याच्या वरच्या टोकाला असायचा. चहा प्यायला खाली बसलो की वाटायचं आता तो कुठे आला असेल. उठून बघायचो. परत येऊन बसायचो. चहा थंड. दाढी करताना पुन्हा एकदा. जिनिंगवर मी कधी उशिरा गेलो नव्हतो, त्या हिवाळ्याआधीच्या दिवसांत जायला लागलो. काट्यावरचा माझा जोडीदार म्हणाला की घरात चर्च उघडल्यापासून तुमचं मन कामात लागत नाही. तो गमतीने म्हणाला. आमच्या गल्लीत एका-दोघांनी हेच गमतीशिवाय विचारलं. मी त्यांना टेम्पो आणि मापांसकट सगळी हकीकत सांगितली, आणि सांगून झाल्यावर मला कळलं की त्यांना मापं नको होती.

बायकोची तक्रार निराळी होती. निळ्या उजेडात पायरीची कड दिसत नाही. धुण्याची बादली घेऊन वर जाताना तिचा पाय एकदा हुकला. तांदूळ निवडायला ती जिन्यात बसायची, कारण तिथे वारा असतो. आता लाल उजेडात खडा कोणता आणि दाणा कोणता ते समजेना. शिवाय तो तडा. तिच्या माहेरी भाजीपाल्याचा मळा, मळ्यात म्हसोबा, आणि तडा गेलेला देव ठेवायचा नाही हा त्या घरातला नियम. मी म्हटलं, हा आपला देव नाही, आणि ही मूर्तीही नाही, काच आहे.

"आपला नसला म्हणून काय झालं," ती म्हणाली. "कोणाचा तरी हाये ना."

पण खिडकी राहिली.

दिवाळीच्या थोडं आधी एका रविवारी आमच्या दारात रिक्षा थांबली. चाळिशीतला एक माणूस उतरला, आणि त्याच्या हाताला धरून पांढऱ्या पातळातल्या एक म्हाताऱ्या बाई. हा त्यांचा पुतण्या. त्याने दुसरबीडला विचारत विचारत माझा पत्ता काढला होता. बाई घाटाखालच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, नवरा वारल्यावर पुतण्याकडे आल्या, साखरखेर्ड्याहून पुढे थोड्या अंतरावरच्या खेड्यात. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. त्यांना एकदा खिडकी बघायची होती.

मी आधी घाबरलो. वाटलं, परत मागायला आले. मी पावती आणायला आत वळलो तर सिस्टरबाई म्हणाल्या, पावती राहू द्या भाऊ, मला फक्त जिना दाखवा.

त्या तिसऱ्या पायरीवर बसल्या. मेंढपाळाच्या चेहऱ्याकडे त्यांनी जेमतेम पाहिलं. त्या खाली, डाव्या कोपऱ्यात बघत होत्या. तिथे झग्याच्या काठाजवळ तळहाताएवढा एक तपकिरी तुकडा आहे. बाकी सगळ्या काचा सपाट, तो जरासा फुगीर. मी तो पाहिला होता आणि मनात म्हटलं होतं की बनवणाऱ्याने इथे हयगय केली.

सिस्टरबाईंनी सांगितलं ते असं. त्यांचे यजमान त्याच दवाखान्यात कंपाउंडर होते. एका वर्षी गारपीट झाली, खिडकीचा तेवढा कोपरा फुटला. तशी काच कुठून आणणार? चर्चच्या पाळकांनी पुठ्ठा लावला. पुठ्ठा पाहून यजमानांना उपासनेत बसवेना. त्यांनी टॉनिकची मोठी बाटली घेतली, कसं कोण जाणे पण तिच्यातून एक तुकडा कापून काढला, आणि शिडीवर चढून बसवला. त्यांच्या हातचं आता एवढंच शिल्लक होतं. फोटो एक होता, तो वाळवीने खाल्ला.

"मी बायकांच्या बाजूला, या कोपऱ्याच्या खालीच बसायची," त्या म्हणाल्या. "जन्म गेला."

निघताना त्यांनी विचारलं, रविवारी मधून मधून आले तर चालेल का. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तोवर बायको म्हणाली, या की, मी पायरीवर गोधडी टाकून ठेवते.

त्या येत राहिल्या. प्रार्थना वगैरे मोठ्याने काही नाही. बसायच्या, बघायच्या, मग बायकोबरोबर चहा आणि गप्पा. बायकोला कोणत्या दुखण्यावर काय करायचं ते सांगायच्या, आणि बायको त्यांना आमच्या गल्लीतल्या कोणत्या सुनेचं काय चाललंय ते. मी मात्र त्या वेळात घरात राहू शकत नसे. काहीतरी काढून बाहेर जायचो, चौकापर्यंत जाऊन परत यायचो. त्या तुकड्याला मी हयगय म्हटलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण मला होतं.

मग एक रविवार त्या आल्या नाहीत. पुढचाही गेला. पुतण्याला फोन केला तर कळलं की मोरीत पडल्या, उजव्या बाजूचा खुबा मोडला. वयामुळे डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. घरी आणलं होतं. आता उठणं नाही, आणि खाणंही कमी झालंय, असं तो म्हणाला.

आम्ही दोघं भेटायला गेलो. रस्त्याला लागून तुरीचं शेत, त्याच्या कडेला पुतण्याचं घर, आणि घराला जोडून सिस्टरबाईंची खोली. विटा-मातीची भिंत, वर टिन. त्या पूर्वेच्या भिंतीलगत पलंगावर डाव्या कुशीवर निजल्या होत्या. उजव्या कुशीवर वळताच येत नव्हतं. समोर भिंतीत हातभर लांबी-रुंदीची लाकडी खिडकी, तिच्यातून तूर दिसायची. पाहण्यासारखं तेवढंच. त्यांनी माझ्या बायकोचा हात हातात घेतला आणि विचारलं, तांदूळ आता कुठे निवडता. खिडकीबद्दल एक शब्द काढला नाही.

काढला असता तर बरं झालं असतं. मग मी हो किंवा नाही म्हटलं असतं. त्या बोलत होत्या आणि मी भिंत बघत होतो. खिशात टेप होता. पुतण्या पाणी आणायला गेला तेव्हा मी तो भिंतीला लावला. जमिनीपासून टिनापर्यंत पाच फूट नऊ इंच. म्हणजे खिडकी पाच इंचांनी जास्त. टेप गुंडाळताना खट्‌ आवाज झाला. सिस्टरबाईंनी ऐकला असणार, पण मान वळवली नाही.

घरी येताना गाडीवर मी ते पाच इंच कुठून काढायचे याचाच विचार करत होतो. घरी आल्यावर बघतो तर बायको जिन्यातले डबे आणि कुंड्या हलवायला लागली.

"काय करतेस?"

"काढाल तेव्हा मधात येतील म्हणून," ती म्हणाली.

मी अजून काढायचं ठरवलं नव्हतं. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

मिस्त्रीला घेऊन मी परत गेलो. त्याने खोली पाहिली आणि तीन मार्ग सांगितले. चौकट कापायची, जमीन खोदायची, नाहीतर टिन वर उचलायचं. चौकट वरून कापली तर मेंढपाळाचं कपाळ जातं, खालून कापली तर सिस्टरबाईंचा कोपरा जातो. जमीन खोदून खिडकी खाली नेली तर तिचा खालचा भाग पलंगाच्या आड. टिन उचलायचं तर सगळी भिंत उतरवावी लागेल, त्याला वेळ लागेल, आणि वेळच नव्हता. नव्या चर्चच्या पाळकांनाही मी फोन केला. भला माणूस. ते म्हणाले, खिडकी आमच्याकडे आणा, आम्ही आतल्या भिंतीवर ठेवू. पण तिथे सिस्टरबाई कशा येणार? ज्यांनी बघायचं त्यांच्यापुढेच ती नसेल तर मी ती हलवायची कशासाठी?

मिस्त्री आणि मी दारात उभं राहून हळू आवाजात हे बोलत होतो. आतून सिस्टरबाईंचा आवाज आला.

"आडवी लावा ना."

आम्ही आत गेलो. मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, देवाला आडवा करायचा?

माझ्याही मनात तेच होतं. आमच्याकडे देव आडवा होतो तो विसर्जनाला नेताना, किंवा पोत्यात बांधून गाव सोडताना. उभ्या देवाला भिंतीत कायमचं आडवं करणं हे माझ्या हातून होईल असं मला वाटेना. मी म्हटलं, बाई, पाळकांना विचारतो.

"त्यांले काय विचारता?" सिस्टरबाई म्हणाल्या. त्या एरवी आमच्याशी शुद्ध बोलायच्या, दवाखान्यातली सवय. चिडल्या किंवा मोकळ्या झाल्या की वऱ्हाडी यायची. "मी आडवी हावो भाऊ. तो उभा राह्यला त मले कसा दिसन? मान मोडून पाहू काय? तोही आडवा, मीही आडवी, म्हंजे दोघं सरळ."

मी मनात आकृती काढून पाहिली. बरोबर होतं. कुशीवर निजलेल्या माणसाला आडवी वस्तू उभी दिसते. सहा फूट दोन इंच लांबी त्या भिंतीत आरामात बसत होती, आणि दोन फूट चार इंच उंचीला जागाच जागा. एवढं साधं गणित मला सुचलं नाही याचं वाईट वाटलं, पण ते वाटायला वेळ नव्हता.

जिन्यातली भिंत दुसऱ्यांदा फुटली. खिडकी निघाली, टेम्पोत गाद्यांवर घालून नेली. खेड्यातल्या कामाच्या दिवशी धूळ उडणार म्हणून पुतण्याने सिस्टरबाईंना पलंगासकट आपल्या घरात हलवलं. मिस्त्रीने जुनी लाकडी खिडकी काढली, भोक लांब केलं, वर लोखंडी पट्टी टाकली. चौकटीतले काचांना धरणारे आडवे बारीक गज आता उभे होणार, म्हणून काचा मधोमध झोल खातील असं वाटून मी बाहेरून आणखी एक पट्टी लावायला सांगितली. मी सारखा आत-बाहेर करत होतो. पातळी लावून बघायचो, सुतळी धरायचो, पुन्हा पातळी. मिस्त्री म्हणाला, भाऊ, तुम्ही एका ठिकाणी थांबले त काम लवकर होईन.

चौघांनी खिडकी उचलली तेव्हा त्याने विचारलं, "डोकं कोणीकडं?"

"दक्षिणेकडे," मी म्हणालो.

"हाव. उत्तरेले डोकं त आपण माणसाचंही करत नाही," तो म्हणाला, आणि खिडकी भोकात सरकवली.

विचार असा मी केलाच नाही. आमच्या घरात कोणी उत्तरेला डोकं करून निजत नाही. ते मेलेल्या माणसाचं डोकं. लहानपणी मामाच्या गावी गेलो तरी झोपण्याआधी उत्तर कोणती ते आम्ही विचारायचो. हात आपोआप दक्षिणेकडे गेला. कोपऱ्यांत सिमेंट भरलं. बाहेरून बघितलं तर मेंढपाळ तुरीकडे पाठ करून शांत निजल्यासारखा दिसत होता. आमच्या चौघांपैकी एकालाही काही खटकलं नाही.

सायंकाळच्या आधी पलंग परत आणला. नेहमीसारखाच ठेवला, कारण दुसरीकडून ठेवला तर डाव्या कुशीवर त्यांचं तोंड दाराकडे झालं असतं. सिस्टरबाई निजल्या, पुतण्याच्या बायकोने पांघरूण सारखं केलं. उन्हाची वेळ टळली होती, तरी बाहेरच्या उजेडाने काचा भरल्या होत्या. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभे.

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाल्या, "भाऊ, हा त पाय वर करून राह्यला."

मला समजलं नाही.

"मेंढरू पडन त्याचं," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या उशीशी गुडघ्यावर बसलो आणि डोकं त्यांच्यासारखंच आडवं केलं. मेंढपाळ उलटा होता. डोकं खाली, पाय वर, मेंढरू खांद्यावरून निसटायच्या बेतात. आणि तपकिरी तुकडा त्यांच्या डोक्याच्याही मागे गेलेला, त्यांना तो मान न वळवता दिसणंच शक्य नव्हतं. त्यांची उशी उत्तरेला होती. पहिल्या दिवसापासून होती. मी त्या खोलीत इतक्या वेळा आलो, भिंत मोजली, पलंग मोजला, आणि उशी कोणत्या बाजूला आहे हे डोळ्यांनी बघूनही मनात घेतलं नाही.

मिस्त्री दारातून म्हणाला, "बाई, तुम्हीच उत्तरेले डोकं करता त आम्ही काय करावं?"

"मंग काय होते?"

"आमच्यात मेलेल्याचं करतात."

"मी दवाखान्यात जन्मभर खाटा लावल्या," सिस्टरबाई म्हणाल्या. "जिकडं खिडकी तिकडं तोंड. मेले ते कोणीकडंही डोकं करून मेले."

पुतण्याला हसू आलं. मग बायकोलाही, तोंडाला पदर लावून. मला आलं नाही. मी सिमेंटला बोट लावून बघत होतो. मिस्त्रीचं म्हणणं होतं की आता राहू द्या, मजबूत झाल्यावर बघू, कच्च्यात हात घातला तर त्या तड्यातून काच सुटेल. मजबूत झाल्यावर ते छिन्नीशिवाय निघणार नव्हतं, आणि छिन्नीच्या ठोक्याने तडाच काय, सगळंच गेलं असतं. आणि मजबूत होईपर्यंत थांबायला सिस्टरबाईंकडे किती दिवस होते? हे मी त्यांच्यासमोर बोलू शकत नव्हतो. त्याच बोलल्या.

"आज काढा," त्या म्हणाल्या. "मले बाहेर नेऊ नका. मी पाहते, तुमच्यावर भरोसा नाही."

पलंग ओढून दाराशी आणला, त्यांच्या तोंडावर ओलं फडकं टाकलं, डोळे तेवढे उघडे. त्यांनी तिथून काम करून घेतलं. शिशाच्या पट्ट्यांना हात लावू नका, चौकटीला धरा. हळू. लेकराचं डोकं बाहेर येताना ओढत नाहीत, तसं. मिस्त्री सुरुवातीला पुटपुटत होता, मग त्या सांगतील तसं करत गेला. खिडकी बाहेर निघाली. तडा होता तिथून आणखी चार बोटं पुढे सरकला, पण काच सुटली नाही. आम्ही ती अंगणात फिरवली, म्हणजे स्वतःभोवती फिरलो, चार माणसं आणि मधे मेंढपाळ. पुन्हा आत सरकवली. डोकं उत्तरेला. सिमेंट लावताना मी थापी ठेवून सारखा पातळी बघत होतो. मी बाजूला झालो आणि बायकोने थापी धरली.

परतताना गाडीवर तिने सांगितलं की उद्या खिचडी करून नेऊ, मऊ, सिस्टरबाईंना चार घास जातील. मी ऐकलं, पण सगळा वेळ मी ते कोपरे मनात दाबून बघत होतो.

सकाळी आम्ही ऊन निघता निघता पोचलो. पहिल्यांदा बाहेरून चारही कोपऱ्यांना अंगठा लावला. धरलं होतं. मग आत गेलो. पलंग जागेवर, सिस्टरबाई डाव्या कुशीवर. ऊन अजून तुरीच्या शेंड्यांतून येत होतं, रंग पलीकडच्या भिंतीवर पडले होते, पलंगाच्या वरून उडी मारून गेल्यासारखे. म्हणजे त्यांच्या पाठीमागे. त्यांना रंग दिसत नव्हते, खिडकी दिसत होती.

"आता सरळ हाये," त्या म्हणाल्या. एवढंच.

बायकोने खिचडीचा डबा उघडला. मी दाराशी उभा होतो. बसवत नव्हतं, कारण मी हिशेब केला होता आणि तो बरोबर ठरतो का ते बघायचं होतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून चढतो, म्हणजे उजेड उत्तरेकडे ढकलला जाणार, आणि सूर्य वर येईल तसा तो खाली उतरणार. पायांकडचा तो खालचा कोपरा पलंगावर यायला हवा होता. मेंढपाळाचं डोकं दक्षिणेला राहिलं असतं तर तो कधीच आला नसता. रंग भिंतीवरून जमिनीवर आले. जमिनीवरून पलंगाच्या पायाला लागले. लाल, मग पिवळा. सिस्टरबाईंनी खिचडीचे दोन घास घेतले, तिसऱ्याला नको म्हटलं. बायकोने जबरदस्ती केली नाही. त्यांच्या गुडघ्यापाशी गोधडीवर तपकिरी डाग आला तेव्हा तो इतका फिका होता की आधी मला गोधडीचाच रंग वाटला.

त्यांनी हात गोधडीबाहेर काढून त्याच्यावर ठेवला. बोटं चहात बुडवल्यासारखी दिसली.

"भाऊ, तेवढा कोपरा पाहा बरं," त्या म्हणाल्या. "काल आपटला नाही ना?"

मी पलंगाच्या पायथ्याशी जाऊन वाकलो आणि तुकड्यावर अंगठा ठेवला. फुगीर बाजू माझ्याकडे होती. थोडं दाबलं तर तो पट्टीत हलला. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण त्यांच्याशी जमलं नसतं.

"ढिला आहे," मी म्हणालो. "काल झाला की काय कोण जाणे. मी पुट्टी घेऊन येतो, दाबून बसवतो. आत्ता जाऊन येतो."

"नको."

"पडेल एखादे वेळी."

"तो पह्यल्यापासून ढिला हाये. त्यांले काचेचं काम येत नव्हतं," सिस्टरबाई म्हणाल्या. "वारा आला का वाजे. पाळक बोलत असत आणि हा टकटक करे. मंग हे पुरुषांच्या बाजूने माझ्याकडं पाहत, चोरासारखे."

बायको डब्याला झाकण लावत होती, ती थांबली. बाहेर तुरीतून वारा येत होता, शेंगा खुळखुळत होत्या. माझा अंगठा अजून तुकड्यावर होता आणि तो दाबलेला असेपर्यंत काच हलणार नव्हती.

मी अंगठा काढला.